अकरा महिने झाले, आता?

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात वाशिमच्या लाखाळ्यातून किंवा सिव्हिल लाइनमधून एक चक्कर मारा. दर दहा-पंधरा घरांमागे एका फाटकाला तारेने बांधलेला पुठ्ठा दिसतो: 'खोल्या किरायाने देणे आहे'. खाली मोबाइल नंबर, आणि कधीकधी 'फक्त नोकरीवाल्यांसाठी' अशी पुरवणी. पुण्या-मुंबईकडे घर भाड्याने देतात, वऱ्हाडात किरायाने. व्यवहार एकच.

पुठ्ठे मे महिन्यातच का लागतात, हे गावात कुणाला सांगावं लागत नाही. बदल्यांचा हंगाम असतो, शाळा जूनच्या अखेरीस उघडायच्या असतात. १ जुलै १९९८ रोजी वाशिम अकोल्यातून वेगळा जिल्हा झाला. जिल्हाधिकारी कार्यालय आलं, जिल्हा परिषद आली, पोलीस अधीक्षक आले, आणि त्यांच्यामागून दर तीन वर्षांनी सामान बांधणारी माणसंही आली. २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची भर पडली. इथल्या अनेक घरांवर वरचा मजला चढला तो या किरायाच्या भरवशावर.

या प्रत्येक व्यवहारामागे कुठेतरी एक कागद असतो. बहुतेक वेळा तहसीलच्या आवारातल्या अर्जनवीसाकडून टाइप करून घेतलेला, शंभराच्या, हल्ली पाचशेच्या बाँडपेपरवरचा, नोटरीचा शिक्का मारलेला आणि अकरा महिन्यांचा. तो कपाटात जातो. अकरा महिने कधी उलटतात ते दोघांनाही कळत नाही. कुणी आठवण काढलीच तर घरमालक काकाजी म्हणतात, "कागदाचं काय घेऊन बसले सर, तुमी काय पयून चालले काय? ऱ्हा आरामात." आणि सर राहतात.

असं राहण्यात माणुसकी आहे, मला त्याचं वावडं नाही. पण मुदत संपलेल्या तारखेनंतर त्या घरात नेमकं काय चालू असतं, ते त्या दोघांपैकी एकालाही सांगता येत नाही. ते एकदा सावकाश पाहू.

पहिला प्रश्न: कागद कशाचा आहे? 'भाडेपट्टा' आणि 'लिव्ह अँड लायसन्स' हे शब्द आपण अदलाबदलीने वापरतो, कायदा तसे वापरत नाही. शेतीच्या भाषेत फरक लवकर कळतो. शेत ठोक्याने दिलं की त्या हंगामापुरता बांधाच्या आत ठोकेदाराचा शब्द चालतो. काय पेरायचं, कधी सोंगायचं हे तो ठरवतो. मालकाने आपला काही हक्क तेवढ्या काळापुरता त्याच्या हाती दिलेला असतो. भाडेपट्टा हा असा प्रकार, आणि तो १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात येतो. आता दुसरं चित्र घ्या. आपल्या खळ्यावर शेजाऱ्याला त्याचं सोयाबीन चार दिवस टाकू दिलं. खळं आपलंच राहिलं, त्याला फक्त परवानगी दिली. लायसन्स म्हणजे अशी परवानगी. तीही १८८२ च्याच, पण सुविधाधिकारांच्या वेगळ्या कायद्यात सांगितलेली आहे. लिव्ह अँड लायसन्सच्या कागदावर राहणारा माणूस कायद्याच्या नजरेत भाडेकरू नसतो. मालकाच्या घरात मालकाच्या परवानगीने राहणारा तो लायसन्सधारक असतो. परवानगीची तारीख संपली की परवानगीही संपली.

हा भेद इतका महत्त्वाचा का झाला, हे समजायला वऱ्हाडात थोडं मागे जावं लागतं.

आज महाराष्ट्रभर एकच भाडेनियंत्रण कायदा आहे, पण तो तसा अलीकडचा, १९९९ चा, ३१ मार्च २००० पासून लागू झालेला. त्याआधी राज्यात तीन वेगवेगळी राज्यं नांदत होती. मुंबई-पुण्याकडे १९४७ चा मुंबई कायदा, मराठवाड्यात १९५४ चा हैदराबाद कायदा, आणि विदर्भात मध्यप्रांत व वऱ्हाडचा १९४९ चा भाडेनियंत्रण आदेश. वाशिमवरून हिंगोलीकडे निघालं की तासाभरात भाडेकरूचा कायदाच बदलायचा. वऱ्हाडच्या आदेशात एक वैशिष्ट्यपूर्ण अट होती. घरमालकाला भाडेकरूला घर सोडण्याची नोटीस द्यायची असेल तर आधी भाडेनियंत्रकाची लेखी परवानगी घ्यावी लागे. थकबाकी, पोटभाडेकरू ठेवणं, उपद्रव, मालकाची स्वतःची खरी गरज अशी ठरलेली कारणं होती आणि त्यातलं एखादं नियंत्रकासमोर सिद्ध करावं लागे. परवानगी मिळाली तर नोटीस, मग दिवाणी दावा, मग अपील. म्हणजे घर मोकळं करून घेण्याआधी नोटीस देण्याचीच एक लढाई. करारात लिहिलेली मुदत संपली एवढ्याने काहीच हलत नसे.

त्याच आदेशात आणखी एक कलम होतं, ते आजच्या वाचकाला खरं वाटणार नाही. घर रिकामं झालं की मालकाने तसं जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला कळवायचं, आणि तो अधिकारी ते घर अमुक एका सरकारी नोकराला किंवा विस्थापिताला द्या असा हुकूम काढू शके. फाळणीनंतरचे दिवस, घरांची टंचाई, त्यामुळे हे आलं. पण बदलीवर आलेल्या साहेबांना हुकमाने घर मिळायचं, ही आठवण घरमालकांच्या दोन पिढ्यांनी जपून ठेवली. त्या काळात बसलेला भाडेकरू चाळीस-चाळीस वर्षं हलला नाही आणि किराया मात्र जुन्या आकड्यावर थिजून राहिला. 'किरायदार घर बळकावतो' ही भीती तिथून आली. ती सगळीच वेडगळ होती असं मी म्हणणार नाही. मुंबईत तर १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या लायसन्सधारकांना कायद्याने थेट भाडेकरूचं संरक्षण दिलं गेलं आणि तिथल्या मालकांनी रिकामी घरं कुलूप लावून ठेवणं पसंत केलं.

१९९९ च्या कायद्याने या भीतीवर तोडगा काढला. जुन्या भाडेकरूंचं संरक्षण ठेवलं, पण राहण्यासाठी लायसन्सवर दिलेल्या घरासाठी एक वेगळं कलम लिहिलं: कलम २४. मुदत संपल्यावर लायसन्सधारकाने घर मालकाच्या ताब्यात द्यायचं. नाही दिलं तर मालक दिवाणी न्यायालयात न जाता सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. आणि मुदतीनंतर जितके दिवस तो राहील तितक्या दिवसांची भरपाई ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने. लेखी करारात जे लिहिलं आहे तो त्या गोष्टींचा निर्णायक पुरावा धरायचा, असंही त्याच कलमात सांगितलं आहे. मालकाला कारण द्यावं लागत नाही. मुलाचं लग्न नको, स्वतःची गरज नको. तारीख संपली, बस.

एक अट ध्यानात ठेवा. हा कायदा राज्यातल्या प्रत्येक वस्तीला आपोआप लागू नाही. त्याच्या परिशिष्टांत नावं असलेल्या आणि आधी जुनी नियंत्रणं लागू असलेल्या शहर-गावांना तो लागू आहे. आडगावात घर दिलं असेल तर गाडी पुन्हा १८८२ च्या कायद्यावर येते. तिथे महिन्याच्या भाडेपट्ट्याला पंधरा दिवसांची नोटीस लागते.

आता अकरा महिन्यांची गोष्ट. हा आकडा इतका मुरला आहे की लोकांना तो कायद्यात छापलेला वाटतो. तो कायद्यात नाही, कायद्याला वळसा घालण्याच्या सवयीत आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्याने एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची केली. मग वर्षाच्या आत राहू, म्हणजे दुय्यम निबंधकाच्या कचेरीची पायरी चढायला नको, असा हा सरळ हिशेब. देशभर तो चालला. महाराष्ट्रात मात्र १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ ने त्यातली हवाच काढून घेतली. लिव्ह अँड लायसन्स असो की भाडेपट्टा, अकरा महिन्यांचा असो की एका महिन्याचा, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे नोंदणी टाळण्यासाठी निघालेला आकडा नोंदणी अटळ झाल्यावरही पंचवीस वर्षं तसाच चालू आहे. अर्जनवीसाच्या संगणकातला मसुदा कोण बदलणार?

कैद आणि दंडाचं सोडा, त्यासाठी कुणी तुरुंगात गेल्याचं आपण ऐकत नाही. खरा दंश त्याच कलमाच्या दुसऱ्या ओळीत आहे. नोंदवलेला करार नसेल तर घर कोणत्या अटींवर दिलं होतं याबद्दल राहणारा जे म्हणेल ते खरं धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. मालक म्हणतो अकरा महिन्यांसाठी दिलं. राहणारा म्हणतो, 'हे घर मला बेमुदत भाड्याने दिलं आहे.' नोटरीचा कागद असेल तर मालक तो पुरावा म्हणून पुढे करू पाहील, पण सिद्ध करण्याचं ओझं त्याच्या डोक्यावर बसलं. जो घरमालक हजार-बाराशे रुपये वाचवतो तो कलम २४ चा सरळ रस्ता स्वतःच्या हाताने बंद करतो. राहणारा भाडेकरू ठरला की मग तो भाडं देत असेपर्यंत त्याला हलवता येत नाही. हलवायचं तर कलम १६ मधलं एखादं कारण लागतं, दिवाणी न्यायाधीशासमोर दावा लागतो, आणि वर्षं लागतात.

एक गैरसमज जाता जाता. 'बारा वर्षं राहिला की घर त्याचं' असं चहाच्या टपरीवर ठामपणे सांगतात. किरायाने राहणाऱ्याचा ताबा मालकाच्या संमतीचा असतो. संमतीच्या ताब्यातून नुसत्या कालगणनेने मालकी पिकत नाही. बारा वर्षांचा आकडा खरा आहे, पण तो भाडेकरार संपल्यानंतर मालकाने ताब्याचा दावा लावण्याच्या मुदतीचा आहे.

तर कागद नोंदवलेला आहे आणि तारीख जवळ आली आहे, असं धरू. पुढे काय?

नूतनीकरण हा शब्द आपण वापरतो, पण नूतनीकरण असं वेगळं काही करावं लागत नाही. जुन्या करारावर 'मुदत वाढवली' असं पेनने लिहून दोघांनी सह्या केल्या, तर तो कागद त्या सह्यांपुरताच. करायचा असतो तो नवा करार: नवी मुदत, नवी रक्कम, नवं मुद्रांक शुल्क, नवी नोंदणी. हे सगळं ऐकायला जड वाटतं म्हणून आकडे मांडतो. वाशिम शहरात दोन खोल्या, स्वयंपाकघर, महिना ६,००० रुपये, अनामत २०,००० असं धरा. अकरा महिन्यांचे झाले ६६,०००. परत मिळणाऱ्या अनामतीवर वर्षाला १० टक्के व्याज कल्पून ते त्यात मिळवायचं, म्हणजे अकरा महिन्यांचे सुमारे १,८३३. बेरीज ६७,८३३. त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे १७० च्या आसपास, दोनशेच्या आत. नोंदणी फी नगरपरिषदेच्या हद्दीत १,०००, ग्रामीण भागात ५००. शिवाय दस्त हाताळणी शुल्क आणि काम करून देणाऱ्याची मजुरी. खरा खर्च मुद्रांकाचा नाहीच, नोंदणी फी आणि मजुरीचा आहे.

म्हणून मला दर अकरा महिन्यांनी हा सोपस्कार करण्यात अर्थ दिसत नाही. पाव टक्क्याचा हाच दर साठ महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्सला चालतो. तेच घर छत्तीस महिन्यांसाठी घेतलं तर किराया २,१६,०००, अनामतीवरचं व्याज ६,०००, बेरीज २,२२,०००, मुद्रांक ५५५ च्या आसपास. नोंदणी फी तीच, एकदाच. दर वर्षीची वाढ करारातच लिहून टाकायची, म्हणजे दर वर्षी व्हरांड्यात बसून घासाघीस नको. दोघांपैकी कुणालाही एक महिन्याची लेखी सूचना देऊन बाहेर पडता येईल असं कलम घाला आणि सुरुवातीचे सहा महिने कुणीही मोडायचं नाही असंही लिहा. बदलीची नोकरी असेल तर तेवढं पुरतं. मालकाची भीती असते की तीन वर्षं म्हणजे फार. पण कलम २४ ला मुदतीच्या लांबीशी देणंघेणं नाही. ते नोंदवलेल्या तारखेकडे बघतं.

वाढीबद्दल एक वाक्य. 'दर वर्षी दहा टक्के' हा आकडाही अकरा महिन्यांचाच भाऊ आहे, कायद्यात कुठे नाही. जुन्या, संरक्षित भाडेकरूंसाठी कायदा वर्षाला ४ टक्के म्हणतो. लायसन्समध्ये जे ठरेल ते.

नोंदणीसाठी आता कचेरीत रांग लावावीच लागते असं नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाची ई-नोंदणी आहे. दोन्ही पक्षांचं आधार, फोटो, अंगठ्याचा ठसा, दोन साक्षीदार. काम करणारा मुलगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो आणि ओट्यावर बसून काम उरकतो. मालक पुण्याला मुलाकडे गेला असेल तर तो तिथून अंगठा देऊ शकतो. यातली खरी अडचण फार मामुली असते. शेतात राबलेल्या माणसाच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्र एकदा नाही म्हणतं, दोनदा नाही म्हणतं. मग हात धुऊन, पुसून, दुसरं बोट. मी एका काकाजींना दहाही बोटं एकेक करून ठेवताना पाहिलं आहे. शेवटी डाव्या करंगळीशेजारच्या बोटाने काम झालं.

नवा करार जुना संपण्याआधी झाला तर उत्तम. मध्ये दोन महिन्यांची फट पडली तर ती कागदावर तशीच दिसते आणि नडते, ती बहुधा राहणाऱ्यालाच. आरटीईतून मुलाचा प्रवेश करायचा असेल तर भाड्याने राहणाऱ्या पालकाला नोंदणीकृत करार लागतो, आणि अर्ज भरायच्या वेळी तो चालू हवा. गॅस, आधारवरचा पत्ता, बँक, सगळीकडे तोच कागद. पगारातून घरभाड्याची सूट घेणाऱ्याचा किराया वर्षाला एक लाखाच्या वर गेला की मालकाचा पॅनही द्यावा लागतो. मालक तो द्यायला का कू करतो, आणि मग खरा मुद्दा कागदाचा नसून आयकराचा होता हे कळतं. पोलिसांना भाडेकरूची माहिती देण्याचा आदेश जिल्हा प्रशासन वेळोवेळी काढतं. नवा माणूस आला की ती द्यावी, राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावरून घरबसल्या देता येते.

आता सगळ्यात नेहमीचा प्रसंग: तारीख उलटली आणि कुणीच काही बोललं नाही. सर राहतात, किराया दर महिन्याच्या पाच तारखेला फोनवरून जातो, काकाजी तो घेतात.

कागद भाडेपट्ट्याचा असेल तर १८८२ चा कायदा या शांततेला अर्थ देतो. मुदत संपल्यावरही भाडेकरू राहिला आणि मालकाने भाडं स्वीकारलं, तर राहण्यासाठीचं घर महिन्यागणिक पुढे चालू आहे असं धरतात. कागद लायसन्सचा असेल तर परवानगी संपलेली आहे आणि पैसे मात्र घेतले जात आहेत. उद्या वाद झाला तर एक वकील म्हणेल ही दुप्पट भरपाईची वेळ होती, दुसरा म्हणेल मालकाने नवं भाडंच सुरू केलं. दोघांनाही बोलायला जागा आहे, आणि ती जागा काकाजींनीच करून दिली आहे. म्हणून ज्या मालकाला घर खरोखर परत हवं आहे त्याने मुदतीनंतरची रक्कम मुकाट्याने 'भाडं' म्हणून घेऊ नये. करार अमुक तारखेला संपला, ही रक्कम त्यानंतरच्या वापराच्या भरपाईपोटी आणि माझ्या हक्काला बाधा न येता घेतली, अशी एक ओळ पावतीवर किंवा निदान संदेशात लिहावी. ज्याला तोच माणूस पुढे हवा आहे त्याने पावतीची कसरत करण्यापेक्षा लॅपटॉपवाल्या मुलाला फोन करावा.

आणि जायलाच नकार दिला तर? मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतो. हा उपजिल्हाधिकाऱ्याहून कमी दर्जाचा नसलेला, सरकारने या कामासाठी नेमलेला अधिकारी. अर्जासोबत नोंदवलेला करार. समोरच्याला समन्स जातं. ते मिळाल्यापासून तीस दिवसांत त्याला शपथपत्र देऊन 'मला हे प्रकरण लढायची परवानगी द्या' असं मागावं लागतं. म्हणजे लढणं हाही आपोआप मिळणारा हक्क नाही, कारण दाखवून मिळवायची गोष्ट आहे. मागितली नाही किंवा मिळाली नाही, तर मालकाचं म्हणणं मान्य धरून घर मोकळं करण्याचा आदेश होतो. त्यावर अपील नाही, नव्वद दिवसांत राज्य सरकारकडे पुनरीक्षण आहे. १९४९ च्या आदेशाखाली आधी परवानगी, मग नोटीस, मग दावा, मग अपील असा जो प्रवास होता, त्याच्या शेजारी हे ठेवून पाहा.

या सगळ्या वेगाचा एक उलटा परिणाम होतो. मालकाला वाटतं, तारीख संपली म्हणजे मी राजा. तसं नाही. स्वतः कुलूप फोडून सामान रस्त्यावर काढण्याचा अधिकार त्याला अकरा महिन्यांनंतर नाही आणि अकरा वर्षांनंतरही नाही. कायद्याबाहेर हुसकावलेला माणूस सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागणारा दावा लावू शकतो, आणि त्यात मालकी कुणाची हा प्रश्नच निघत नाही. वीज तोडणं, नळ बंद करणं हा दुसरा आवडता उपाय. भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूच्या बाबतीत तो गुन्हा ठरवला आहे. वाशिममध्ये एकबुर्जी धरणाचं पाणी नळाला यायचा दिवस लोक कॅलेंडरवर मांडून ठेवतात. त्या दिवशी टाकीचा वॉल्व्ह फिरवून ठेवणाऱ्या मालकाला आपण काय करतो आहोत ते पुरतं ठाऊक असतं.

राहणाऱ्याच्या बाजूने मोठं दुखणं अनामतीचं. ती किती दिवसांत परत करायची याची मुदत आपल्या भाडेकायद्यात नाही, करारात लिहिलं असेल तेवढंच. म्हणून जुने किरायदार शेवटच्या दोन-तीन महिन्यांचा किराया देतच नाहीत, 'अनामतीतून वळता करून घ्या' म्हणतात. मालक चिडतो, आणि चिडण्यात चूक नाही, कारण रंगरंगोटी आणि वीजबिलासाठी त्याच्या हातात मग काही उरत नाही. 'किल्ली आणि अनामत एकाच वेळी, एकाच बैठकीत' हे वाक्य करारात असलं की दोघांची ही चाल थांबते.

वऱ्हाडात भाडेपट्ट्याचा आणखी एक प्रकार आहे, त्याबद्दल थोडक्यात. घर स्वतःचं, पण खालची जमीन सरकारची: नझूल. नागपूर आणि अमरावती विभागांतल्या शहरांत अशा जमिनी निवासासाठी दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने दिलेल्या आहेत. मुदत संपली तरी कुणी घर पाडायला येत नाही, आणि तिथेच फसगत होते. घर विकायला काढलं, बँकेत कर्ज मागितलं, भावांची वाटणी आली की पट्टा कधीच संपला आहे हे उमगतं. मग थकलेलं भुईभाडं, शर्तभंग, नूतनीकरण अशी मालिका. २०२४ मध्ये सरकारने या दोन विभागांतल्या निवासी नझूल जमिनींसाठी विशेष अभय योजना आणली आणि बाजारमूल्याच्या २ टक्के रक्कम भरून जमीन मालकी हक्काची करून घेण्याची वाट दिली. ज्यांच्या आजोबांच्या नावाने असा पट्टा असेल त्यांनी मूळ कागद शोधून नझूल शाखेत योजनेची चालू मुदत विचारावी. सरकार हा एकच घरमालक असा आहे की जो किराया थकल्याचं चाळीस वर्षं बोलत नाही आणि मग एकदम बोलतो.

आता शेवटचा दिवस.

अकोला नाक्याजवळचं एक घर. वरच्या मजल्यावर चार वर्षं राहिलेलं शिक्षक जोडपं, बदली झालेली, टेम्पो खाली उभा. महिनाभर आधी मालकांनीच विषय काढला होता, "पोराचं लग्न हाय सर, दिवाळीनंतर वरच्या खोल्या लागतीन." सरांनी बदलीचा हुकूम दाखवला, दोघेही सुटले. आता घर ताब्यात द्यायचं. आधी वहीत सब-मीटरचं रीडिंग, सरांनी फोनवर फोटोही काढला. महावितरणचं बिल मालकाच्या नावावर येतं, महिना अजून पुरा झालेला नाही. म्हणून मागच्या बिलाचा दर धरून युनिटचा हिशेब. मग भिंती. नऊ खिळे, त्यातला एक टीव्हीचा जाड. मोरीतला नळ गळका, पण तो आला तेव्हापासूनच तसा, आणि करारासोबत जोडलेल्या वस्तूंच्या यादीत तसं लिहिलेलं. त्या एका ओळीने पाच मिनिटांचा वाद वाचला. पंखे तीन, ट्यूब चार, एक बंद. किल्ल्यांचे दोन जोड, एक मिळाला, दुसरा टेम्पोतल्या डब्यात गेलेला, तो उतरवून काढला.

अडलं ते कूलरच्या स्टँडवर. सरांनी खिडकीबाहेर लोखंडी स्टँड भिंतीत बसवला होता, स्वतःच्या पैशाने. काढायचा तर गिलावा निघणार. भाडेपट्ट्याच्या कायद्यात याचंही उत्तर आहे. स्वतः बसवलेली वस्तू जाताना काढून न्यावी, जागा मात्र होती तशी करून द्यावी. लायसन्सच्या कागदात त्याचा उल्लेख नव्हता. बाई म्हणाल्या, "काढू नका काकाजी, प्लास्टरचा खर्च नको." काकाजींनी स्टँड हाताने हलवून पाहिला. पक्का होता. "ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले, "सून येईन घरात, उन्हायात कामी पडीन."

मग अनामतीच्या वीस हजारांतून विजेचे सहाशे चाळीस वजा झाले, स्टँडचे पाचशे मिळवले गेले, आणि काकाजींनी चष्मा कपाळावर सरकवून फोन डोळ्यांजवळ नेला. पैसे गेल्याचा आवाज आला. सरांनी घर सोडल्याच्या पावतीवर तारीख आणि वेळ घातली, दोघांनी सह्या केल्या, टेम्पोवाल्याने साक्षीदार म्हणून तिसरी. तेवढ्यात खालून कुणीतरी हाक मारली, आज नळाचा दिवस होता आणि टेम्पो पाण्याच्या हौदासमोर उभा होता.